काळ्या पट्ट्यांवर जुळवलेली गिटार : कर्टिस मेफील्ड यांची कारकीर्द एका वादकाच्या नजरेतून

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण नोकरी सांभाळून गाता आणि गिटार वाजवता, सोल आणि फंक या अमेरिकी कृष्णवर्णीय संगीतप्रकारांतील गायक-गिटारवादक कर्टिस मेफील्ड यांची गाणी बसवताना आपल्याला कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बरोबर सापडतात, तालही चुकत नाही, तरीही वाजवलेले त्यांच्यासारखे वाटत नाही. याला जोडून आपण विचारले आहे की, इतक्या हळुवार आणि उंच आवाजाच्या माणसाने फंकसारख्या रेट्याच्या संगीतात आपले स्थान कसे निर्माण केले आणि गाता गाता वाजवणाऱ्याने त्यांच्या कारकिर्दीतून नेमके काय घ्यावे. मी गेली अठ्ठावीस वर्षे मुंबईत ध्वनिमुद्रणासाठी आणि कार्यक्रमांत गिटार वाजवतो आणि शिकवतो. आपल्याला पडलेला प्रश्न मला विशीत पडला होता आणि त्याचे उत्तर मिळायला बरीच वर्षे लागली, कारण मी ते बोटांत शोधत होतो आणि ते खुंट्यांमध्ये होते.

मेफील्ड यांची गिटार आपल्यासारखी जुळवलेली नसे. शिकागो शहरात ३ जून १९४२ रोजी जन्मलेल्या या मुलाला कोणी गुरू नव्हता. पियानोवर तो आधी काळ्या पट्ट्यांवरच बोटे फिरवायला शिकला होता आणि गिटार हाती आल्यावर तिच्या तारा त्याने त्याच काळ्या पट्ट्यांच्या स्वरांत ओढून बसवल्या. जाड तारेकडून बारीक तारेकडे ते स्वर असे येतात : एफ शार्प, ए शार्प, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, एफ शार्प. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे तर काळी तीनला षड्ज धरा. सहा तारा सा-ग-प-सा-ग-सा अशा लागतात. बाकीचे वादक तारा वेगळ्या लावतात हे त्याला पुढे कळले असेलही, परंतु तोवर हात घडला होता आणि त्याने तो मोडला नाही. अखेरपर्यंत ते याच जुळणीत वाजवत राहिले.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण मराठी घरात पेटी ऐकत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर उमगते. काळ्या पट्ट्या पाचच असतात आणि त्या पाचांत काळी तीनला सा मानले की भूप मिळतो; त्याच पाच पट्ट्यांत काळी एकवरून सुरुवात केली की दुर्गा आणि काळी पाचवरून केली की मालकंस. म्हणजे पाच स्वरांची, अर्धस्वराचा खडा दाताखाली न येणारी एक मोकळी जागा त्या मुलाला आयतीच मिळाली होती आणि आफ्रिकी-अमेरिकी चर्चमधील गायनाची बरीचशी सुरावट अशाच पंचस्वरी वळणाची असल्यामुळे घरातले गाणे आणि हातातले वाद्य यांच्यात त्याला भाषांतर करावे लागले नाही. मेफील्ड यांनी भूप गायला असे मला अजिबात म्हणायचे नाही. परंतु त्यांच्या गिटारमधील गोडवा कुठून येतो हे विद्यार्थ्यांना सांगताना मी पेटी उघडतो, काळ्या पट्ट्यांवरून बोटे फिरवतो आणि मग अर्धा तास बोलावे लागत नाही.

आता हाताकडे येऊ. या जुळणीत एकच बोट कोणत्याही फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्टीपाशी) आडवे टाकले की पूर्ण मेजर, म्हणजे शुद्ध गंधाराचा, कॉर्ड वाजतो. म्हणजे उरलेली तीन बोटे मोकळी राहतात आणि मेफील्ड यांची खरी करामत त्या तीन बोटांची आहे. आडव्या बोटाच्या पुढे एक-दोन फ्रेटवर ती बोटे हलकेच आपटून स्वर उमटवायचा, लगेच सोडायचा, जोडस्वर घसरवत पुढच्या कॉर्डपर्यंत न्यायचा, असा तो खेळ असतो. सर्वांत बारीक दोन तारांमध्ये ग आणि वरचा सा एवढे अंतर असल्यामुळे आपल्याला बोटे ताणून शोधावे लागणारे सहाव्या स्वराच्या अंतराचे जोडस्वर त्यांना एकाच फ्रेटवर, जवळजवळ फुकट मिळतात. उलट मायनर, म्हणजे कोमल गंधाराचा, कॉर्ड येथे महाग पडतो, कारण त्यासाठी ग च्या दोन्ही तारा एक फ्रेट मागे दाबाव्या लागतात. म्हणून मी स्वतः अशा वेळी सहाही तारांचा हट्ट सोडून दोन किंवा तीनच तारा वाजवतो आणि तसे केल्यावरच तो आवाज जवळ आल्यासारखा वाटतो. शिवाय ते प्रामुख्याने बोटांनी वाजवत, पिक (तार छेडायची छोटी पट्टी) धरून नव्हे. पिकने तार टोचली जाते. बोटाच्या मांसाने ती उचलली जाते आणि त्यातला फरक मोठ्या ध्वनिवर्धकातूनही ऐकू येतो.

हे करून पाहायचे असेल तर एक सावधगिरी. बारीक तारेपासून मोजता पहिली आणि सहावी तार नेहमीपेक्षा पूर्ण एक स्वर वर ओढावी लागते आणि पाचवी अर्धा स्वर. मी पहिल्या प्रयत्नात बारीक तार तोडून घेतली होती आणि ती गालाला लागली होती. त्याऐवजी सगळी जुळणी एक स्वर खाली, म्हणजे ई, जी शार्प, बी, ई, जी शार्प, ई अशी करावी आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारी पकड) लावावा. मधल्या तीन तारा बऱ्याच सैल होतात, त्यामुळे त्या जागी किंचित जाड तारा चढवल्या तर सूर डगमगत नाही. आठवडाभर जुने काहीही वाजवू नका. आपले सगळे ओळखीचे आकार तेथे चुकीचे वाजतील आणि तसेच व्हायला हवे.

गाणे आणि वादन यांच्या नात्याकडे आता वळतो, कारण कारकीर्द तेथूनच सुरू होते. त्यांची आजी धर्मोपदेशक होती. तिच्या चर्चमध्ये हा मुलगा समूहगायन ऐकत आणि गात वाढला आणि तेथेच जेरी बटलर हा थोडा मोठा मित्र त्याच्या बरोबरीने गात असे. कुटुंबाने पुढे शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत दिवस काढले. टेनेसी राज्यातून आलेल्या काही गायकांबरोबर बटलर आणि मेफील्ड यांनी जो गट केला तो 'द इम्प्रेशन्स' या नावाने ओळखला गेला आणि १९५८ मध्ये त्यांचे पहिले गाणे गाजले. तेव्हा मेफील्ड सोळा वर्षांचे होते आणि शाळा सुटलेली होती. तबकडीवर मात्र बटलर यांचे नाव वेगळे आणि गटाच्या आधी छापले गेले. कुरबूर झाली आणि बटलर बाहेर पडले. गटाचे दिवस फिरले. मेफील्ड काही काळ बटलर यांच्याच मागे गिटार वाजवत दौरे करत राहिले, त्यांच्यासाठी गाणी रचण्यात हातभार लावत राहिले आणि त्या कमाईतून शिल्लक टाकून १९६१ मध्ये इम्प्रेशन्सला न्यूयॉर्कला नेऊन 'जिप्सी वुमन' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. ज्याच्या जाण्याने गट कोसळला त्याच्याच पदरी चाकरी करून गट पुन्हा उभा करणे, तेही विशी गाठण्याआधी, हे मला त्यांच्या पुढच्या सगळ्या यशापेक्षा मोठे वाटते.

१९६० च्या दशकातील इम्प्रेशन्स हा मुख्यतः तिघांचा गट होता : मेफील्ड, फ्रेड कॅश आणि सॅम गुडन. त्यांच्या गायनातली चर्चमधली एक रीत लक्ष देऊन ऐका. मुख्य ओळ एकाच्याच मालकीची नसते. ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि तिघे मिळून ती पुरी करतात. अशा गायनात गिटारला जागा उरते ती ओळीच्या शेवटी, श्वासाच्या जागी. मेफील्ड तेथे तीन-चार स्वरांचे उत्तर देतात आणि पुन्हा गप्प बसतात. १९६५ च्या 'पीपल गेट रेडी' मध्ये हे अगदी उघडे दिसते. त्यात गाडीचे, प्रवासाला निघण्याचे रूपक आहे; नागरी हक्कांच्या चळवळीत ते गाणे गायले गेले; परंतु वादकाने लक्ष द्यायचे ते गिटारच्या मधल्या छोट्या तुकड्याकडे. त्यात द्रुत असे काही नाही. एखादा गायक गुणगुणेल एवढेच स्वर आहेत, जोडीने आलेले, आणि त्यानंतर गाणे अर्ध्या स्वराने वर चढते. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्या संथ गाण्यांतील गिटार ऐकली की ही शिकवणी कुठवर पोहोचली ते कळते.

आपल्या अडचणीचे दुसरे कारणही येथेच आहे, असे मला वाटते. आपण बहुधा गाताना वाजवत राहता. मेफील्ड गाताना फार कमी वाजवतात.

याच काळात ते इतरांसाठीही भराभर गाणी लिहीत होते. मेजर लान्स यांना १९६३ मध्ये मोठे यश देणारे 'द मंकी टाइम' त्यांचेच. जीन चँडलर यांच्यासाठीही त्यांनी लिहिले. डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीची घासूनपुसून केलेली चकाकी किंवा मेम्फिसचा खरखरीतपणा यांच्यापेक्षा वेगळी अशी शिकागोची जी एक मऊ, पितळी वाद्यांचा साज चढवलेली शैली मानली जाते, तिच्या घडणीत मेफील्ड आणि त्यांचे संगीत-संयोजक जॉनी पेट यांचा वाटा फार मोठा आहे.

व्यवहाराबद्दल बोलताना संगीतकार लाजतात. मी बोलणार आहे, कारण मेफील्ड यांची कारकीर्द त्याशिवाय समजत नाही. प्रत्येक गाण्यात दोन निरनिराळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा; दुसरा ध्वनिमुद्रणाचा. त्या काळी तरुण कृष्णवर्णीय गीतकारांकडून रचनेचा हक्क कंपन्या किरकोळ रकमेत लिहून घेत आणि नंतर ते गाणे कितीही जणांनी गायले तरी मूळ रचनाकाराच्या हाती काही लागत नसे. मेफील्ड यांनी एडी थॉमस या साथीदाराबरोबर १९६० च्या दशकाच्या आरंभीच स्वतःची प्रकाशन कंपनी काढली आणि रचनेचे हक्क स्वतःकडे ठेवले. कर्टिस आणि थॉमस या दोन नावांतून 'कर्टम' हे नाव झाले आणि १९६८ मध्ये त्याच नावाची ध्वनिमुद्रण कंपनी उभी राहिली. वयाच्या सव्विसाव्या वर्षी हा माणूस गीतकार, गायक, वादक, निर्माता आणि मालक असा पाचही ठिकाणी स्वतःच बसला होता. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा वाटा बराचसा सुरक्षित झाला. त्याआधी मी एका जाहिरात संस्थेला एक धून एकरकमी लिहून दिली होती आणि ती पुढे सात वर्षे वाजत राहिली. दर वेळी ती कानावर पडली की मला कर्टम आठवत असे.

मालकी हाती असल्यामुळे शब्दांवरही दुसऱ्याचा हात राहिला नाही. १९६७ च्या अखेरीस आलेल्या 'वी आर अ विनर' मध्ये कृष्णवर्णीय स्वाभिमान इतका सरळ होता की काही नभोवाणी केंद्रांनी ते गाणे वाजवण्याचे टाळले. तरीही ते ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. १९७० मध्ये त्यांनी इम्प्रेशन्समधून बाहेर पडून 'कर्टिस' ही पहिली एकट्याची तबकडी काढली आणि येथून त्यांचे फंक सुरू होते.

हळव्या आवाजाचे काय, या आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. गायक जेम्स ब्राउन यांच्या फंकमध्ये गायक हाच ढोल असतो. तो ओरडतो, हुंकारतो आणि वाद्ये त्याच्या हुकुमावर थांबतात. मेफील्ड यांनी रेटा गळ्यातून काढून घेतला आणि तो बेस, ड्रम आणि काँगा (हातांनी वाजवायचे उभे ढोल) यांच्याकडे सोपवला. खाली इतकी घट्ट, दाट वीण असली की वरचा आवाज कितीही हलका ठेवता येतो. किंबहुना तो फाल्सेटोत (पुरुषाच्या नेहमीच्या आवाजाच्या वरच्या, पातळ आवाजात), कानाजवळ बोलल्यासारखा ठेवला तर खालचा धोका जास्त जाणवतो. नऊ मिनिटांच्या जवळ जाणाऱ्या 'मूव्ह ऑन अप' मध्ये गायन संपल्यावरही गाणे संपत नाही. काँगा आणि ब्रास, म्हणजे पितळी वाद्ये, ते कितीतरी वेळ पुढे पळवत नेतात. त्याची छोटी आवृत्ती १९७१ मध्ये ब्रिटनच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेली आणि २००५ मध्ये रॅप गायक कान्ये वेस्ट यांनी त्यातला तुकडा उचलून नव्या पिढीला ऐकवला.

अभ्यासासाठी मात्र मी आपल्याला स्टुडिओतली तबकडी सांगणार नाही. जानेवारी १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या बिटर एंड या लहानशा क्लबमध्ये मुद्रित झालेली 'कर्टिस लाइव्ह' ही दोन तबकड्यांची मैफल घ्या. वादक पाचच आहेत : मेफील्ड, दुसऱ्या गिटारवर क्रेग मॅकमुलन, बेसवर जोसेफ 'लकी' स्कॉट, ड्रमवर टायरोन मॅककलन आणि काँगा-बाँगोवर 'मास्टर' हेन्री गिब्सन. ब्रास नाही, व्हायोलिने नाहीत, आडोसा म्हणून काहीच नाही. मी ती एकदा फक्त गिब्सन यांच्यासाठी ऐकली : ड्रमवाला साधा ठेका धरून बसतो आणि हा माणूस त्याच्या मधल्या फटी अशा भरतो की दोघे मिळून एकच वाद्य वाटावे. दुसऱ्यांदा फक्त दोन गिटारींसाठी ऐकली. मॅकमुलन यांची गिटार वाह-वाह पेडलमधून (पायाने दाबून आवाजाचा पोत बदलणाऱ्या उपकरणातून) कुजबुजत, चावत ताल धरते. मेफील्ड यांची स्वच्छ गिटार तिच्या वर मधूनच, थोडी उशिरा, थेंब पडावा तशी येते. दोघांच्या जुळण्या भिन्न असल्यामुळे एकाच कॉर्डमधले स्वर निरनिराळ्या जागी पडतात आणि दोन गिटारी एकमेकींच्या पायात येत नाहीत. आपल्या गटात दुसरा गिटारवादक असेल तर त्याला नेहमीच्याच जुळणीत राहू द्या, एवढा सल्ला मी या मैफलीवरून देतो.

१९७२ चा 'सुपर फ्लाय' हा त्यांच्या प्रसिद्धीचा कळस. गॉर्डन पार्क्स ज्युनियर यांचा हा चित्रपट न्यूयॉर्कमधल्या एका कोकेन विक्रेत्याबद्दल आहे. पडद्यावर त्याची मोटार, कोट, ऐट दिसते आणि ते सगळे थोडे जाहिरातीसारखे होते. मेफील्ड यांनी चित्रपटाशी भांडण न करता गाण्यांतून उलट बाजू मांडली : पडद्यावर ऐट आणि कानात त्या ऐटीची किंमत. 'फ्रेडीज डेड' हे गाणे चित्रपटात केवळ वाद्यांवर वाजते, शब्द तबकडीवरच आहेत. पण तबकडी इतकी खपली की ती अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि पुष्कळांनी चित्रपट पाहण्याआधी त्यावरचे भाष्य ऐकले. पुढे त्यांनी ग्लॅडिस नाइट, स्टेपल सिंगर्स आणि अरेथा फ्रँकलिन यांच्यासाठी चित्रपटांची गाणी लिहिली. स्टेपल सिंगर्सचे १९७५ चे 'लेट्स डू इट अगेन' पहिल्या क्रमांकावर गेले. डिस्कोच्या लाटेत त्यांचा स्वतःचा जम मात्र बसला नाही. ते त्यांचे काम नव्हते आणि त्या काळातले ध्वनिमुद्रण मी विद्यार्थ्यांना देत नाही. कर्टम बंद झाली आणि १९८० च्या सुमारास ते अटलांटा परिसरात राहायला गेले.

१३ ऑगस्ट १९९० रोजी ब्रुकलिनमधील विंगेट फील्ड या मैदानात खुला कार्यक्रम होता. मेफील्ड गिटार घेऊन रंगमंचावर येत असताना सोसाट्याच्या वाऱ्याने दिव्यांचा सांगाडा त्यांच्यावर कोसळला. मानेचे मणके मोडले आणि मानेखालचे सगळे शरीर कायमचे लुळे पडले. जुळणी आणि मोकळी तीन बोटे यांबद्दल मी वर जे सगळे लिहिले ते त्या क्षणी संपले. मंचावर वाजवणाऱ्या आम्हा सर्वांना या घटनेने एक सवय लावली पाहिजे होती : खुल्या मैदानात उभे राहण्याआधी डोक्यावर काय आहे, ते कशाला बांधले आहे आणि वारा सुटला तर कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे विचारावे. मी विचारतो आणि आयोजक वैतागतात.

१९९६ मध्ये त्यांची 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' ही तबकडी आली. छाती आणि पोटाचे स्नायू काम करत नसल्यामुळे बसून गाण्याइतका श्वास त्यांच्याजवळ नव्हता. म्हणून त्यांना उताणे झोपवले जाई, शरीराच्या भारानेच फुफ्फुसातून हवा बाहेर लोटली जाई आणि त्या दाबावर ते एक ओळ गात. मग थांबत, मग पुढची ओळ. पूर्ण गाणे अशा तुकड्यांतून जोडले गेले. आपल्याकडे दमसास हा शब्द आपण लांब तानेसाठी वापरतो; येथे तो एका ओळीपुरता, कधी त्याहूनही कमी होता. १९९१ मध्ये इम्प्रेशन्सचा आणि १९९९ मध्ये मेफील्ड यांचा स्वतंत्रपणे रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. दरम्यान मधुमेहाने त्यांचा उजवा पाय गेला आणि २६ डिसेंबर १९९९ रोजी जॉर्जिया राज्यातील रॉसवेल येथे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ती तबकडी आपण शेवटी ऐकावी, बिटर एंडची मैफल पाठ झाल्यानंतर. तिच्यात गिटार आहे, ती दुसऱ्यांनी वाजवलेली आहे. ऐकताना हातात आपली गिटार घेऊ नका. कागद घ्या आणि प्रत्येक ओळ कुठे तुटते तेथे एक रेघ मारा. पूर्वी ज्या जागी ते तीन-चार स्वरांचे उत्तर देत असत, बहुतेक रेघा त्याच जागी पडतात.